तुमचं जोतं, माझा उंबरा

प्रति,
सांगलीच्या शामरावनगर भागातल्या आपल्या गल्लीचे सर्व घरमालक, भाडेकरू, आणि रिकाम्या प्लॉटांचे बाहेरगावी राहणारे मालक

सप्रेम नमस्कार.

मी गल्लीतली शिवणकाम करणारी ताई. ‘पिको-फॉल करून मिळेल’ अशी पत्र्याची पाटी जिच्या दारावर आहे ती. तुमच्यातल्या निम्म्याअधिक घरांतल्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाहीत. आज मात्र काही मापं चारचौघांत सांगणार आहे. ती घरांची आहेत, त्यामुळं कुणी रागावू नये. रागावलात तरी ब्लाउज वेळेवर मिळेल.

झालं असं, की मंगळवारी सकाळी माझ्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटात मुरमाचे चार डंपर पडले. दुपारी आणखी तीन. ज्यांनी तो प्लॉट घेतलाय ते सर भले गृहस्थ आहेत. स्वतः येऊन पेढे देऊन गेले. “ताई, पुढच्या महिन्यात पाया काढतोय, थोडी धूळ होईल, सांभाळून घ्या,” म्हणाले. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “जोतं किती घेणार?” ते म्हणाले, “रस्त्यापासून चार फूट. पूर बघितलाय की आपण.”

बघितलाय. २००५ चा बघितला, २०१९ चा बघितला, २०२१ चाही बघितला. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा मी शिलाई मशीन माळ्यावर ठेवून, चार साड्या आणि गिऱ्हाइकांच्या कापडाचं गाठोडं घेऊन बहिणीकडं गेले होते. तेव्हा सरांचं चार फूट मला चुकीचं वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर पाच घेतले असते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी आपल्या गवंडीमामांना बोलावलं.

त्याआधी माझ्या घराचं सांगते. आम्ही हा गुंठा घेतला १९९७ साली, म्हणजे आपली महापालिका व्हायच्या आधी एक वर्ष. ३३ बाय ३३, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, स्टॅम्पावर. ऊस काढून झालेलं रान होतं, खुंट्या रोवून दोऱ्या बांधल्या होत्या आणि एजंट म्हणाला होता, “ही तुमची गल्ली.” घर बांधलं २००३ साली. वास्तुशांतीच्या फोटोत माझ्या सासूबाई दारातल्या पायरीवर बसल्यात. ती तिसरी पायरी आहे. खाली दोन आणखी दिसतात, त्यावर रांगोळी. आज माझ्या दारात या आणि त्या तीन पायऱ्या शोधा. त्या रस्त्याखाली आहेत. आता रस्त्यावरून माझ्या घरात यायला एक पायरी उतरावी लागते. नवीन माणूस हमखास अडखळतं. त्यामुळं गिऱ्हाईक आलेलं मला मान वर न करता कळतं.

पायऱ्या एका दिवसात गाडल्या गेल्या नाहीत. आधी चिखल होता म्हणून मुरूम टाकला. मुरूम वाहून जातो म्हणून खडी आली. मग डांबर. डांबर उखडलं, त्याच्यावर पुन्हा डांबर. शेवटी काँक्रीट. जुनं काही खरवडून काढायचं नाही, त्याच्यावरच नवं चढवायचं. दर वेळी चार-सहा इंच. आणि दर वेळी आपण काय केलं? नारळ फोडला. हार घातला. मीही हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होते. रस्ता मिळतोय या आनंदात तो कुठं मिळतोय, किती उंचीवर मिळतोय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या वेळी विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, हिला रस्ता नको झालाय.

तर गवंडीमामा. त्यांच्याकडं ती पारदर्शक नळी असते, पाणी भरलेली. एक टोक इथं धरायचं, दुसरं तिथं. दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. मी एक टोक धरलं, मामांनी दुसरं, आणि माझ्या शिवणाच्या टेपनं माप घेत आम्ही कोपऱ्यावरच्या मारुतीच्या कट्ट्यापासून शेवटच्या घरापर्यंत गेलो. काही जणांनी विचारलं, काही जणांनी गच्चीवरनं नुसतं बघितलं. एका वहिनींना वाटलं मी घरपट्टीवाल्यांची माणूस झाले.

आपल्या गल्लीत २३ प्लॉट. १८ घरं, ५ रिकामे. सगळ्यांत उंच जोतं रस्त्यापासून ४ फूट २ इंच. ते कुणाचं हे मी लिहीत नाही, सगळ्यांना दिसतं. सगळ्यांत खालची फरशी रस्त्याच्या ११ इंच खाली. माझी ७ इंच खाली. म्हणजे एकाच गल्लीत शेजारी राहणाऱ्या दोन घरांत ५ फूट १ इंचाचा फरक. माझी उंचीही तेवढी नाही. २००५ च्या पुरानंतर ज्यांनी बांधलं त्यांनी त्या पुराच्या खुणेवर जोतं घेतलं. २०१९ नंतरच्यांनी त्याच्यावर. वर्षं बघून उंची सांगता येते, झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशी.

याच्यापेक्षा गमतीचं माप गटाराचं निघालं. आपल्या गटारातलं पाणी ज्या टोकाला जाऊन मोठ्या नाल्याला मिळायचं, ते टोक आपल्या बाजूपेक्षा ४ इंच वर आहे. गवंडीमामांनी दोनदा मोजलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, “ताई, पाण्यानं चढ चढावा असा हिशेब हाय ह्यो.” ज्यानं कुणी गटार बांधलं त्यानं नळी धरली नव्हती. पण गटार बांधून होईपर्यंत तीन आठवडे आपण सगळे तिथूनच येत-जात होतो, हेही खरं.

आता मुद्द्यावर येते. आपण सांगलीकर ‘पाणी आलं’ असं एकाच शब्दात म्हणतो, पण ही पाणी दोन आहेत.

एक कृष्णामाईचं. ते सांगून येतं. कोयनेतनं किती सोडलं, वारणेतनं किती, आयर्विनला किती फूट, हे आपल्याकडं शाळेतलं पोरगं सांगतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ते येणार म्हटल्यावर सिलिंडर वर जातो, कागदपत्रं पिशवीत जातात, माणसं पाहुण्यांकडं जातात. पाणी ओसरल्यावर पंचनामा होतो, चार पैसे मिळतात, पेपरात फोटो येतो. या पाण्यासाठी जोतं उंच घेणं शहाणपणाचं आहे, कारण नदी तुमच्या जोत्यामुळं शेजाऱ्याच्या घरात जास्त शिरत नाही. तिला जेवढं यायचं तेवढं ती येते.

दुसरं पाणी पावसाचं. हे कुणी सांगत नाही. वळवाची एक सर, तासभर कोसळली की झालं. २०२५ साली तर मे महिन्यातच पाऊस बसला. तेव्हा आयर्विनला पाणी तळाला होतं आणि माझ्या घरात घोट्याच्या वर. या पाण्याला पंचनामा नाही. हे आठ-आठ दिवस जात नाही, कारण खाली काळी माती आहे. ती एकदा फुगली की थेंब पीत नाही. शोषखड्ड्याचा प्रयोग मी करून बघितलाय, दोन महिन्यांत त्याची विहीर झाली. आणि या पाण्याच्या बाबतीत उंच जोत्याचा हिशेब उलटा आहे. तुमच्या ३३ बाय ३३ वर पडलेलं पाणी पूर्वी तुमच्याच अंगणात साचायचं. तुम्ही भराव टाकून अंगणाला फरशी केली की ते सगळं रस्त्यावर येतं, आणि रस्त्यावरनं जिथं सगळ्यांत खोल आहे तिथं जातं. तिथं मी बसलेय, मशीन चालवत.

ते रिकामे पाच प्लॉट. त्यांच्या नावानं आपण किती बोटं मोडतो! पाणकणीस वाढलंय, डास होतात, साप निघतात, कुणीही राडारोडा आणून टाकतं. सगळं खरं. मीही मालकांना फोनवर चार शब्द ऐकवलेत. पण मापं घेतल्यावर लक्षात आलं की गेली वीस-बावीस वर्षं पावसाचं निम्मं पाणी त्या पाच खड्ड्यांनी पोटात घेतलं, म्हणून आपली घरं राहिली. सरांच्या सात डंपरनी त्यातला एक खड्डा बुजला. तिकडं पुण्यात बसलेले आणखी दोघं दिवाळीनंतर बांधायचं म्हणतायत. बांधा, घर बांधायलाच घेतलाय प्लॉट. पण पाचही भरल्यावर येणाऱ्या जूनमध्ये ते पाणी कुठं ठेवायचं, एवढं एकमेकांना विचारून बांधूया.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, काळं रान. तिथं पाण्याची रीत लहान पोरालाही ठाऊक असते. वरच्या शेताचं पाणी खालच्या शेतातनं जायचंच. खालच्यानं बांध घालून ते तुंबवायचं नाही आणि वरच्यानं मुद्दाम वळवून एकाच्याच अंगावर सोडायचं नाही. मधनं चर ठेवायचा आणि पावसाळ्याआधी दोघांनी मिळून तो काढायचा. भांडणं होतातच, डोकी फुटतात, पण चर कुणी बुजवत नाही. कुणी बुजवलाच तर त्याला कायदाही आहे, मामलेदार कोर्टाचा, १९०६ सालचा. शेतातल्या पाण्याची नैसर्गिक वाट कुणी अडवली तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. माझ्या भावानं असा एक अर्ज केला होता, म्हणून मला माहीत.

आपली गल्लीही रानच होती. इथल्या जुन्या मालकांचे वडील सांगायचे की या पट्ट्यात दोन चर होते आणि दोन्ही नाल्याला मिळत. मग गुंठे पडले. मंजूर लेआउट असता तर रस्ते, गटारं, मोकळी जागा आधी सोडावी लागली असती. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं रान विकलं तिथं, दोरी बांधली तिथं प्लॉट, आणि चरावरही प्लॉट. २००१ च्या कायद्यानं आपली घरं नियमित व्हायची सोय झाली, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्यांना पुन्हा संधी मिळाली. दाखला माझ्याकडं आहे, लॅमिनेशन करून कपाटात ठेवलाय. कागद सरळ झाला. चर गेला तो गेलाच.

अलमट्टीबद्दल बोलल्याशिवाय सांगलीत पाण्यावर पत्र पूर्ण होत नाही, तेव्हा तेही बोलते. कर्नाटकानं खाली कृष्णेवरच्या या धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ वर नेऊ नये, आपल्याकडं फुगवटा येईल, म्हणजे पाणी मागं तुंबेल, म्हणून २०२५ साली अंकलीला चक्काजाम झाला. आपल्या गल्लीतनंही दोन गाड्या भरून माणसं गेली होती. माझे मालकही गेले होते, गळ्यात टॉवेल टाकून. बरं केलं. साडेचार मीटरचा हिशेब तिथं तोंडपाठ होता सगळ्यांना. संध्याकाळी परत आल्यावर मी यांना विचारलं, “आपल्या दारासमोरचा रस्ता किती इंच वाढला?” यांना सांगता आलं नाही. फुगवटा म्हणजे काय हे आपल्याइतकं महाराष्ट्रात कुणाला कळत नसेल, आणि तरी आपण घरटी एकेक अलमट्टी बांधत चाललोय. (२०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पूररेषेतल्या बांधकामांवर बोट ठेवलं होतं. ते बोट कुणाकडं होतं यावर आपल्या कट्ट्यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.)

पाणी साचलं की काय होतं हे उंच घरवाल्यांना वरनं दिसत नाही, म्हणून सांगते. आधी सेफ्टी टाकी भरते. मग संडासातलं पाणी खाली जायचं सोडून वर येतं. मग जमिनीतल्या पाण्याच्या टाकीत ते मिसळतं, आणि टाकी धुवायला सुकी जागा नसते. घंटागाडी कोपऱ्यावरच थांबते, सिलिंडरवाला मारुतीपाशी उतरवून जातो. भिंतीला ओल कमरेपर्यंत चढते आणि ती दिवाळीपर्यंत उतरत नाही. गिऱ्हाइकांच्या कापडाला वास लागतो. मागच्या वर्षी एका वहिनींनी पैठणीचा ब्लाउज हुंगून बघितला आणि काही न बोलता घेऊन गेल्या. मला त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डेअरीमागच्या घरातल्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा बूट हातात घेऊन, पँटी दुमडून आले होते. पोरीनं हसून साजरं केलं. लग्न जमलं, मिरजेला दिली, चढावर घर आहे.

आता माझी चूक. गटारावर पक्का काँक्रीटचा रॅम्प घातलेली १८ पैकी १४ घरं आहेत आणि त्यांतलं एक माझं. मालकांची मोटरसायकल आत घ्यायची म्हणून २०१४ साली घातला, रस्त्यात अडीच फूट पुढं. घर खाली गेल्यावर त्याचा चढ उलटा झाला, तरी तो तसाच आहे. त्याच्या खालचं गटार तेव्हापासून कुणी बघितलेलं नाही, बघता येतच नाही. सफाईची माणसं येतात, दोन रॅम्पांच्या मधला हातभर गाळ काढून काठावर ठेवतात, पावसात तो परत आत जातो. त्यांना बोलून काय उपयोग? चौदा ठिकाणी आपणच झाकण लावलंय. येत्या रविवारी मी माझा रॅम्प फोडून घेणार आहे. त्या जागी उचलता येणारी लोखंडी जाळी बसवायची. वेल्डरशी बोलणं झालंय, मापं घेऊन गेलाय. चार-पाच घरांचं एकदम काम असलं तर तो मजुरी कमी करतो म्हणाला.

सरांना माझी एकच विनंती आहे, आणि पुढं बांधणाऱ्यांनाही. घर चार फुटांवर घ्या, खुशाल घ्या. पण भराव घरापुरताच टाका, अख्ख्या प्लॉटभर नको. कंपाउंडच्या आतनं फूटभर रुंदीचा चर सोडा आणि त्याचा उतार गटाराकडं द्या, माझ्या भिंतीकडं नको. बांधकामाचा खर्च त्यानं वाढत नाही, उलट मुरूम कमी लागतो. मामांनी हिशेब केला, दोन डंपर वाचतात. पडलेल्या सात डंपरमधला जास्तीचा मुरूम काय करायचा याचीही सोय आहे: गल्लीच्या टोकाला नाल्याजवळ खचलंय तिथं तो लागेल.

रस्त्याचं काम पुन्हा निघेल. निवडणूक आली की निघतंच. तेव्हा नारळ फोडायच्या आधी आपण दहा माणसांनी उभं राहून जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू द्यायचा नाही. लेखी मागायचं, आणि मारुतीच्या कट्ट्याची फरशी ही खूण धरून उंची कागदावर लिहून घ्यायची. बाया आल्या तर जास्त बरं. पुरुषांना ठेकेदार चहाला नेतो. आणि गटाराचं ते ४ इंचाचं टोक उतरवून मिळावं असा अर्ज मी लिहून ठेवलाय, सगळी मापं जोडून. त्याच्यावर १८ घरांच्या सह्या हव्यात. रिकाम्या प्लॉटवाल्यांनीही सही पाठवावी. पाणी आज तुमच्याच जागेत आहे.

काही जण म्हणतील, ज्यांची घरं खाली गेली त्यांनी आपली उचलून घ्यावीत. हल्ली जॅक लावून अख्खं घर वर घेणारे आलेत, खरं आहे. मी चौकशी केली. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी त्यांना पाणी दिलं आणि पाठवून दिलं. तेवढे पैसे असते तर मी चढावर, मिरजेला गेले असते. आणि समजा उचललंच घर, तर माझ्या पलीकडं डेअरीमागचं आहे. मग पाणी त्यांच्याकडं जाईल. त्यांच्या घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, रात्री उठून पाण्यात पाय टाकायची त्यांच्यावर वेळ येते तेव्हा त्या कुणाला हाकही मारत नाहीत. सकाळी ओलं लुगडं वाळत घातलेलं दिसतं, त्यावरनं आपण ओळखायचं.

सह्यांचा कागद माझ्या मशीनच्या खणात आहे. शनिवारपर्यंत कधीही या. रविवारी सकाळी आठला गवंडीमामा सरांच्या प्लॉटवर नळी घेऊन येणार आहेत, चराचा उतार आखायला. सरांनी ‘बघूया’ म्हटलंय. एवढ्यावर मी त्यांचे आभार मानते. नळीचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल; मला त्या वेळी रॅम्प फोडणाऱ्यांकडं बघायचंय.

आपली,
पिको-फॉलवाली ताई

ता. क. येताना पायरी उतरायची आहे हे लक्षात ठेवा.